1985 सालचं सरपण

त्या माणसानं ग्लास बादलीत उपडा केला आणि माझ्या पोटात उगाचच कालवलं. तसं त्याचं काही चुकलं नव्हतं. ती चकचकीत बादली टेबलावर त्यासाठीच ठेवलेली असते, वाइन तोंडात घोळवायची, चव बघायची, थुंकायची आणि ग्लासात उरलेली ओतून द्यायची, शिवाय त्याला पुढं गाडी चालवायची होती आणि इटलीतल्या मोंताल्चिनोहून खाली उतरणारे रस्ते चांगलेच वळणावळणाचे आहेत. सगळं रीतसर. फक्त त्या ग्लासात 1985 सालची ब्रुनेल्लो, म्हणजे मोंताल्चिनोची नावाजलेली लाल वाइन होती, आणि ती ओतताना तो शेजारच्या बाईशी संध्याकाळच्या हॉटेलबद्दल बोलत होता, बादलीकडं त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मी तिथल्या बागेच्या आणि वाइनच्या मालकीणबाईंकडं बघितलं. सत्तरीच्या असाव्यात, बारीक अंगाच्या, हाताची बोटं मात्र बागेत काम केलेल्या माणसाची, पेरं फुगलेली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी त्याचा रिकामा ग्लास उचलला, उजेडात धरून बघितला आणि ट्रेमध्ये ठेवला. झालं. एवढंच. पण म्युनिकला परत येईपर्यंत, अख्खा आल्प्स ओलांडताना, मला त्या बादलीचाच आवाज ऐकू येत होता.

आमचं गाव पंढरपूर तालुक्यात, कासेगावच्या बाजूला, आणि घरी द्राक्षबाग. त्या भागात नुसतं ‘बाग’ म्हटलं की द्राक्षाचीच, डाळिंबाची असेल तर डाळिंबाची म्हणून सांगावं लागतं. आमच्या घरात वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलच्या खरड छाटणीला सुरू होतं, मग काडी तयार होणं, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, डावण्या, भुरी असले रोग आले का, आणि शेवटी व्यापारी कधी येतो, किती दर सांगतो आणि सांगितलेलं देतो का. त्यामुळं नवऱ्यानं जेव्हा मोठ्या हौसेनं ‘जुन्या व्हिंटेजची टेस्टिंग’, म्हणजे जुन्या हंगामांच्या वाइन चाखणं, बुक केली तेव्हा मी खरं सांगायचं तर वाइनसाठी गेलेच नव्हते, मी दुसऱ्याची बाग बघायला गेले होते. आणि बघितल्या बघितल्या पहिला विचार आला तो म्हणजे, ह्या बागा किती बुटक्या. आमच्याकडं मांडवाखालून माणूस वाकून चालतो, इथं वेलीच माणसाच्या कमरेला. मे महिना होता, फुलोऱ्याला यायच्या बेतात होत्या, ओळी डोंगराच्या उतारावर विंचरल्यासारख्या सरळ, आणि जमीन म्हणाल तर आपल्याकडचा शेतकरी जिला हात लावणार नाही अशी, पापुद्रे सुटणारा पाटीसारखा दगड, गालेस्त्रो म्हणतात त्याला, बोटानं दाबला की चुरा होतो. दक्षिणेला आमियाताचा डोंगर, 1,738 मीटरचा, जुना ज्वालामुखी. वादळं, गारा बऱ्याचशा तोच अंगावर घेतो म्हणे. मला त्याचा हेवाच वाटला.

टेस्टिंग तळघरात. खाली उतरताना थंड हवा अंगावर येते आणि तिच्याबरोबर तो वास, ओलं लाकूड, दगड, आंबूस काहीतरी, थोडी बुरशी. दोन्ही बाजूला स्लाव्होनियन ओकची अगडबंब पिंपं, बोत्ती. नियम असा की ब्रुनेल्लो निव्वळ साँजोव्हेसे द्राक्षाचीच पाहिजे, निदान दोन वर्षं लाकडात पाहिजे, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षीच्या 1 जानेवारीआधी विकायची नाही. रिझेर्वा असेल तर आणखी एक वर्ष. मालकीणबाई इटालियनमध्ये सांगत होत्या, त्यांची भाची इंग्लिशमध्ये सांगत होती, आणि मी मनातल्या मनात हिशोब घालत होते की आज माल निघाला तर पैसा पाच वर्षांनी. पाच वर्षं औषधं, मजुरी, खतं सगळं खिशातून. आमच्या सोसायटीचं कर्ज मार्चएण्डला भरावं लागतं, नाहीतर नवं होत नाही, आणि आमची द्राक्षं वेलीवरून उतरली की तासांवर जगतात. पेपर टाका, पेटी भरा, कोल्ड स्टोरेज, गाडी. एक दिवस व्यापारी आला नाही तर घरातला माणूस जेवत नाही.

आमच्याकडं टिकवायची म्हणून एकच गोष्ट, बेदाणा. तोही कोल्ड स्टोरेजला ठेवतात, दर येईल म्हणून, पण नवा हंगाम आला की तासगावच्या सौद्यात ‘जुना माल’ हा शब्द शिवीसारखाच ऐकू येतो. रंग उतरलेला, काळपट पडलेला, दर पाडून मागणार. आणि इथं मी टेबलाशी बसून जुना माल चाखायला रांगेत, तेही पैसे भरून.

पहिल्यांदा त्यांनी 2010 ओतली. गावातल्या नगरपालिकेच्या भिंतीवर 1992 पासूनच्या हंगामांच्या टाइल्स लावल्यात, एकेका वर्षाची एक, त्यावर त्या वर्षाला किती तारे मिळाले ते. 2010 ला पाच, म्हणजे वरचा वर्ग. लाल, घट्ट, चेरी, दातांवरून जिभेवर काहीतरी ओढल्यासारखं तुरट. छान होती. छान म्हणजे काय तर मला कळलं नाही पण बाकीचे डोळे मिटत होते. 2006 त्याहून कडक, अजून बसायला तयार नाही अशी. मधे मधे पिएन्झाचं पेकोरिनो चीज आणि तो तस्कनीचा बिनमिठाचा पाव, ज्याला माझा नवरा दरवेळी ‘आजारी माणसाचा पाव’ म्हणतो. इथपर्यंत मी पाहुण्यासारखीच होते. गडबड झाली ती 2003 आणि 2002 शेजारी शेजारी आल्यावर.

2003 नाकाशी नेली आणि मी सरळ आमच्या बेदाणा शेडमध्ये. शप्पथ. मार्चमधली दुपार, शेडनेटच्या जाळीवर पसरलेली द्राक्षं, वरून तापलेला पत्रा, मणी सुरकुतायला लागलेले, आणि तो गोड, शिजल्यासारखा, घशात बसणारा वास. भाची म्हणाली त्या उन्हाळ्यात युरोपभर जी उष्णतेची लाट होती तिच्यात इथं मणी वेलीवरच भाजले. आणि मला आठवलं 2003. मी शाळेत होते. आमच्याकडं सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता, विहिरीत तळ दिसत होता, आणि आप्पांनी टँकर लावून बाग जगवली होती. टँकर रात्री यायचा, मोटर सुरू व्हायची, आणि आम्ही पोरं बॅटरी घेऊन ड्रिपरला पाणी येतंय का ते ओळीओळीनं बघत फिरायचो. आई म्हणायची घरात प्यायला कमी पडलं तरी चालंल. म्हणजे पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याच वर्षी ह्या बाईंच्या वेलीही होरपळत होत्या, आणि त्यांचं होरपळणं आता माझ्या ग्लासात होतं. आमचं कुठंय?

2002 उलटी. फिकी, पातळ, हलकी, थोडी आंबट, काहीतरी पाल्यासारखं. दोन तारे. त्या वर्षी इथं पाऊस थांबलाच नव्हता, काही जणांनी तर ब्रुनेल्लो काढलीच नाही. आणि आपल्याकडं 2002 चा जुलै म्हणजे ढगच नाहीत, नक्षत्रं कोरडी, पेरण्या वाया. तिकडचं पाणी इकडं आणता आलं असतं तर दोघांचंही भागलं असतं, असा बावळट विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. टेबलावरच्या बहुतेकांनी 2002 एक घोट घेऊन बादलीत घातली. मी प्यायले. चांगली लागली असं नाही, पण टाकावीशी वाटेना. नवऱ्यानं विचारलं आवडली का, मी म्हणलं, आवडायचा प्रश्न नाही रे, एवढ्या पावसात ह्यांनी फवारण्या किती केल्या असतील, त्यातून हे आलंय.

मी मालकीणबाईंना भाचीमार्फत विचारलं की वाईट वर्षाची बाटली लोकांना का दाखवता. त्यांनी खांदे उडवले. म्हणाल्या, ते वर्षही काम तेवढंच होतं.

मग 1985. ही बाटली उघडणं हाच एक कार्यक्रम होता. वरचा पत्रा काढला तर बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी, ती ओल्या फडक्यानं पुसली. नेहमीचा स्क्रू घातला तर एवढं जुनं बूच चुरून आत पडेल म्हणून त्यांनी दोन पातळ पात्यांचा चिमटा घेतला, बूच आणि काच यांच्या फटीत एक पातं, मग दुसरं, डावीउजवीकडं हलवत हलवत खाली सरकवली आणि पिळा देत देत वर ओढली. बूच अर्ध्यापर्यंत भिजलेलं, लाल-काळं. बाटली आडवी तशीच धरून, मागं मोबाइलची टॉर्च लावून ओतली, म्हणजे तळाचा गाळ मानेपाशी आला की कळतं. रंग लाल नव्हताच, विटकरी, कडेला नारिंगी. सुरुवातीला वास काहीच नाही, बंद खोलीचा. मग पाच-दहा मिनिटांनी हळूहळू, वाळलेली संत्र्याची साल, कोरा चहा, तपकीर, कातडं, आणि सगळ्यात शेवटी कुठूनतरी आंबट चेरी. घोट घेतल्यावर मात्र मी चमकले, कारण वास म्हाताऱ्याचा आणि चव जिवंत. आंबटपणा अजून जागच्या जागी होता. साँजोव्हेसेचं साल पातळ असतं, रंग फार धरत नाही, पण आंबटपणा भरपूर, आणि जुनी वाइन उभी राहते त्यात त्याचा मोठा हात, तुरटपणाच्या जोडीला.

टेबलावर सगळे एकदम गप्प झाले आणि मग एकदम बोलायला लागले. 1985 म्हणजे पाच ताऱ्यांचं वर्ष, लांबलेला कोरडा उन्हाळा, पिकलेली द्राक्षं, काय वर्ष, काय वर्ष. एकानं बाईंना विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का की हे एवढं मोठं वर्ष आहे?

बाई हसल्या. म्हणाल्या, त्या वर्षी आम्ही सरपण विकलं.

भाचीनं नीट उलगडून सांगितलं. जानेवारी 1985 मध्ये तस्कनीत अशी थंडी पडली की काही ठिकाणी पारा उणे 20 च्याही खाली गेला. वेली झोपेत होत्या, पानं गळालेली, बऱ्याचशा वाचल्या. ऑलिव्ह झोपत नाही. झाडांच्या साली उभ्या तडकल्या. आजोबांनी लावलेली, पणजोबांनी लावलेली झाडं एका आठवड्यात गेली, आणि बाईंचे वडील आणि भाऊ वसंतापर्यंत करवतीनं ती जमिनीलगत कापत होते. तेव्हा ब्रुनेल्लोला आजच्यासारखा पैसा नव्हता, 1980 मध्ये डीओसीजीचा, म्हणजे इटलीतल्या वाइनच्या सगळ्यात वरच्या दर्जाचा शिक्का मिळाला होता खरा, पण घर चालायचं ते तेल, गहू, जनावरं सगळं मिळून. तेल गेलं. अख्ख्या गावात ऑलिव्हचं लाकूड झालं, त्यामुळं सरपणालाही दर नाही. आणि मग त्याच वर्षीचा उन्हाळा असा काही लागला की द्राक्षं कधी नव्हे ती पिकली. वडील म्हणायचे म्हणे, की लाज वाटावी इतकी सुंदर द्राक्षं आहेत. तोडणीला ते बागेत आलेच नाहीत, ऑलिव्हच्या रानात बसून राहिले. बाहेर येताना मग मी ती झाडं बघितली. एकेका जुन्या बुंध्यातून तीन-तीन, चार-चार खोडं वर आलेली, गोल करून उभी. येताना मी त्यांचेच फोटो काढले होते, ही इथली जात असेल समजून. ती जात नव्हती, तो जानेवारी होता.

तर तारे कोण देतं, हा माझा प्रश्न आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अशा टाइल्स लावायच्या झाल्या तर काय होईल ह्याचा मी परतीच्या वाटेवर बराच विचार केला. 2009, नोव्हेंबरात ‘फयान’ वादळाचा पाऊस, बागा फुलोऱ्यात, मणी गळ. 2014, फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, ऐन तोडणीत, घडावर गार बसली की मण्याला डाग पडतो आणि दोन दिवसांत शेजारचे चार मणी सडतात. 2019, ऑक्टोबर सरला तरी पाऊस हलेना. आणि त्यातून ज्यांनी फवारण्या करकरून माल आणला त्यांची गंमत अशी की मार्च 2020, लॉकडाऊन. त्या वर्षीची आमची द्राक्षं मी फक्त व्हिडिओ कॉलवर बघितली, पण दादा अजून सांगतो की एवढा माल, एवढी साखर, एवढा मणी बागेला परत लागला नाही. खायला कुणी नव्हतं. निम्मी वाटली, निम्मी बेदाण्याला टाकली. त्याला किती तारे द्यायचे? पाच द्यायचे की शून्य? आणि त्या वर्षाचं आता काहीच शिल्लक नाही, बँकेच्या पासबुकातली एक ओळ सोडून.

आता तुम्ही म्हणाल मग आपणही वाइन करावी. केली की. 2001 मध्ये सरकारचं धोरण आलं, विंचूर, पलूस इथं वाइन पार्क झाले, आमच्या मामांनी हौसेनं वाइनची जात लावली, पुढं ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलायचं आणि पैसे द्यायचं एकदमच बंद केलं, मामांनी जेसीबी लावून बाग काढली. विषय संपला. पण सगळ्यांचं तसं झालं नाही, आमच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजला, फ्रातेल्ली या वाइन कंपनीवाल्यांनी पिएरो मासी हा तस्कनीचाच वाइनमेकर आणला आणि त्यांच्या ‘सेत्ते’ ह्या वाइनमध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या जोडीला साँजोव्हेसेच आहे. म्हणजे जिच्यासाठी मी एवढी लांब आले ती द्राक्षं आमच्या घरापासून एसटीनं जाण्याइतकी जवळ आहेत. फक्त तिकडं हिवाळ्यात वेल झोपते, आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटून तिला मुद्दाम थांबवावं लागतं.

बादलीचं मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. राग म्हणावा तर तो नव्हता. त्याच तळघरात कुणीतरी मोंताल्चिनोचीच एक गोष्ट काढली होती, डिसेंबर 2012 ची, सोल्देरा या वाइनवाल्यांच्या कासे बास्से इथली. पूर्वीच्या एका कामगारानं रात्री आत शिरून पिंपांच्या तोट्या सोडून दिल्या, सुमारे 62,600 लिटर वाइन गटारात, 2007 पासून 2012 पर्यंतचे सहा हंगाम सकाळी जमिनीवर. ऐकणारे हळहळत होते आणि मला आपल्याकडच्या पेपरातली ती नेहमीची बातमी दिसत होती, ‘अज्ञातानं रात्रीतून द्राक्षबाग कापली’, खाली कोमेजलेल्या वेलींचा फोटो आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला शेतकरी. तो चेहरा मला माहीत आहे. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर मी तो शोधत होते आणि तो नव्हता, आणि बहुतेक तेच मला खटकलं. त्यांनी 1985 ह्याआधीच एकदा सोडून दिलेलं असणार, सरपणाबरोबर. ग्लासातलं होतं ते आमच्यासाठी.

आप्पांना फोन केला तेव्हा आधी त्यांनी विचारलं, प्यायलीस काय गं? आमचे आप्पा माळकरी. म्हणलं, चव घेतली, तिथं थुंकायला बादली असते. ‘मग बरं हाय,’ म्हणाले. (2002 चं मी काही बोलले नाही.) मग एकराला किती निघतं. सांगितलं, हेक्टरला आठ टनाच्या वर काढायचंच नाही असा कायदा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टन. फोनवर जरा वेळ काहीच आवाज नाही. आमच्याकडं एकरी दहा टन निघाला नाही तर माणूस बागेकडं पाठ करून बसतो. ‘आन् पाणी?’ पाणीही एरवी द्यायचं नाही, वेल मरायला लागली तरच. ‘मग परवडतं कसं त्यास्नी?’ मी बाटलीचा भाव सांगितला. त्यावर त्यांचा पहिला प्रश्न, ‘त्यातलं बागवाल्याला किती?’ म्हणलं, बागवाला आणि बाटलीवाला एकच घर आहे आप्पा, बाईच तोडतात, बाईच भरतात, बाईच विकतात. ‘आस्सं,’ म्हणाले, आणि फोन दादाकडं दिला.

दादाला ना वाइनमध्ये रस ना सरपणात. त्याला फक्त ओळीतलं अंतर, तारा कशा ओढल्यात आणि खांब कशाचे ते बघायचं होतं. नशिबानं बाटल्यांच्या ढीगभर फोटोंमध्ये एक तसा निघाला, चेस्टनटच्या लाकडाचे जुने खांब, मागं आमियाता. पाठवला. लगेच दोन निळ्या टिका, आणि खाली उत्तर:

‘खांब लाकडाचं? वाळवी नाही काय तिकडं?’